भूवापर की हवामान? वरच्या भीमा खोऱ्यात हा हिशेब मांडायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पीएच.डी.चा विषय ‘वरच्या भीमा खोऱ्यातील जलसंपत्तीवर भूवापरबदल व हवामानबदलाचा परिणाम’. उजनी धरणापर्यंतचं खोरं घेतलं आहे, स्वॅट मॉडेल (पाऊस, माती, भूवापर यांवरून नदीचा प्रवाह काढणारं संगणकीय मॉडेल) वापरायचं ठरलं आहे. डेटा कुठला घ्यावा, मॉडेल कसं बसवावं आणि येव्यातल्या (नदी-धरणात येणाऱ्या पाण्यातल्या) बदलात भूवापराचा वाटा किती, हवामानाचा किती, हे वेगळं कसं काढावं?

शीर्षकात तुम्ही दोन घटक धरलेत. या खोऱ्यात तिसराही आहे आणि तो या दोघांपेक्षा मोठा आहे: धरणं, कालवे आणि खोऱ्याबाहेर वळवलेलं पाणी. तो हिशेबात घेतला नाही तर त्याचा परिणाम मॉडेल गुपचूप भूवापराच्या किंवा हवामानाच्या खात्यावर टाकतं, आणि आकडे इतके छान जुळतात की कुणाला शंकाही येत नाही. म्हणून आधी धरणांचं पाणी मांडा. कामाचा निम्मा वेळ त्यातच जाईल, आणि तो जायलाच हवा.

उजनीचं पाणलोट क्षेत्र १४,८५६ चौरस किलोमीटर आहे. त्यात वर खडकवासला साखळी, पवना, मुळशी, भामा आसखेड, चासकमान आणि कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, डिंभे, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणं, शिवाय घोड. यातलं काही पाणी खोऱ्यातच फिरतं: डिंभ्याचा डावा कालवा येडगावात पाणी आणतो, खडकवासल्याचा उजवा कालवा दौंड-इंदापूरकडे जातो. काही बाहेर जातं: कुकडीचा डावा कालवा पारनेर-श्रीगोंद्यावरून कर्जत-करमाळ्याकडे जातो आणि तिथलं काही लाभक्षेत्र सीनेच्या बाजूला उतरतं. आणि काही पाणी घाटाखाली जातं. मुळशीचं भिऱ्याला पडून कुंडलिकेत, ठोकरवाडीचं भिवपुरीला पडून उल्हासात, लोणावळा, वळवण आणि शिरवट्याचं खोपोलीला पडून पाताळगंगेत. वीज करून झाल्यावर ते पाणी पुन्हा भीमेत येत नाही.

आता बघा काय होतं. डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या संगणकी नकाशावरून) खोरं आखलं की मुळशी तलावाचं सगळं पाणलोट मुळेला मिळतं, कारण डोंगराचा उतार तेच सांगतो. खोऱ्यातला सगळ्यात जास्त पाऊस याच पट्ट्यात पडतो. मॉडेल दौंडला भरमसाट पाणी दाखवतं, मोजणी केंद्राची नोंद त्याहून खूप कमी. मग ऑटो-कॅलिब्रेशनला (नोंदींशी जुळेपर्यंत मॉडेलचे आकडे आपोआप बदलण्याला) बसवलं की ते कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते ठरवणारा आकडा) खाली ओढतं, खोल पाझर वाढवतं, मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता फुगवतं. नॅश-सटक्लिफ (मॉडेल नोंदींशी किती जुळतं याचा निर्देशांक, १ म्हणजे तंतोतंत) ०.८ येतो. प्रत्यक्षात वीजनिर्मितीसाठी गेलेलं पाणी तुम्ही जमिनीत मुरवलेलं असतं. या मॉडेलमध्ये पुढे जंगलाचं शेत केलं किंवा शेताचं शहर केलं, तर येणारं उत्तर खोऱ्याबद्दल काही सांगत नाही; ते त्या खोट्या कर्व्ह नंबरबद्दल सांगतं.

यावर दोन उपाय आहेत. सोपा उपाय: पश्चिमेकडे पाणी वळवणाऱ्या तलावांचं पाणलोट मॉडेलमधून कापून टाका आणि जोरदार पावसाळ्यात सांडव्यावरून जे पाणी खाली येतं तेवढं इनलेट (बाहेरून येणारा प्रवाह) म्हणून द्या. दुसरा: तलाव मॉडेलमध्ये ठेवा आणि जलाशयाच्या फाइलमध्ये महिनावार उपसा भरा. त्या रकान्याचं एकक दररोज दहा हजार घनमीटर असं आहे. दिवसाला एक दशलक्ष घनमीटर वळवत असाल तर आकडा १०० पडतो, १ नाही. ही चूक इतकी सर्रास होते की दुसऱ्याचं मॉडेल तपासायला घेतलं तर आधी हाच रकाना उघडावा.

धरणांच्या नोंदी कशा वाचायच्या तेही सांगायला हवं. जलाशयाचा येवा कुणी मोजत नाही. पातळीतला फरक, विसर्ग, कालव्यात सोडलेलं पाणी आणि बाष्पीभवन यांवरून तो मागे काढला जातो. उजनीचं पाणी भरल्यावर सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर पसरतं. पातळी वाचताना एक सेंटिमीटर चुकला, वाऱ्याने पाणी एका बाजूला सरकलं, तरी ३ दशलक्ष घनमीटरचा फरक पडतो. दिवसाच्या प्रवाहात ते जवळपास ३५ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे बाराशे क्युसेकच्या वर. त्यामुळे रोजच्या येव्याच्या आकड्यांत उन्हाळ्यात उणे संख्या दिसतात. त्या शून्य करू नका. नुसत्या उण्या कापल्या की वर्षाची बेरीज फुगते. पाच किंवा दहा दिवसांची सरासरी घ्या आणि कॅलिब्रेशन त्याच कालपायरीवर किंवा महिन्यावर करा. शिवाय पातळीवरून साठा काढण्याचा तक्ता कुठल्या वर्षाचा आहे ते विचारा. गाळाचं सर्वेक्षण झालं की तक्ता बदलतो, आणि दोन तक्त्यांच्या सांध्यावर एका रात्रीत साठा घटल्यासारखा दिसतो. पेटिट चाचणी (नोंदीत अचानक बदल कधी झाला ते शोधणारी) लावली तर ती नेमकी त्याच वर्षावर बोट ठेवेल आणि तुम्ही त्याला हवामानातला बदल म्हणाल.

कोरड्या महिन्यांतला प्रवाह हा आणखी एक सापळा. पुणे शहर धरणांतून वर्षाला १५ टीएमसीच्या वर पाणी उचलतं. नेहमीचा ठोकताळा धरला तर त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन मुळा-मुठेत परत येतं. १५ चे ८० टक्के म्हणजे १२ टीएमसी, सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर. वर्षभर सारखं वाटलं तर सुमारे ११ घनमीटर प्रतिसेकंद, ३८० क्युसेक. एप्रिलमध्ये दौंडच्या वरच्या अंगाला नदीत दिसणारं पाणी मुख्यतः हे आहे. बेसफ्लो (पाऊस नसताना नदीत टिकणारा प्रवाह) वेगळा काढण्याचं सॉफ्टवेअर मात्र याला भूजलाचा पाझर समजतं, आणि मग भूजलाचे पॅरामीटर गटाराला जुळवून घेतात. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये असा बारमाही पाझर मिळणं अवघडच आहे: विघटित आणि सच्छिद्र बेसॉल्टची विशिष्ट उत्पन्नक्षमता (खडकातून निथळून मिळू शकणाऱ्या पाण्याचं प्रमाण) जेमतेम १ ते ३ टक्के, जलधराची (पाणी धरणाऱ्या थराची) जाडी थोडी, बहुतेक विहिरी फेब्रुवारी-मार्चपर्यंत तळ गाठतात. म्हणून सांडपाणी पॉइंट सोर्स (एका ठिकाणी नदीत मिळणारं पाणी) म्हणून वेगळं भरा, लोकसंख्येनुसार दशकागणिक वाढवत न्या, आणि भूजलाचे पॅरामीटर शहराच्या वरच्या उपखोऱ्यांत ठरवा.

आता पाऊस. भारतीय हवामान विभागाचा ०.२५ अंशाचा जाळीदार दैनिक पाऊस १९०१ पासून मिळतो आणि सगळे तोच वापरतात. वाईट नाही. पण ०.२५ अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. ताम्हिणीत चार हजार मिलिमीटरच्या वर, पुण्यात सातशेच्या आसपास, दौंडला पाचशेच्या आत-बाहेर. हा सगळा उतार सव्वाशे किलोमीटरच्या आत, आणि त्यातलीही बहुतेक घसरण घाटमाथ्यापासून पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये. जाळीचा एक चौकोन कोकणकडा आणि पौड दोन्ही पोटात घेतो. पाचशे चौरस किलोमीटरच्या पाणलोटात सरासरी पाऊस ३०० मिलिमीटरने चुकला तर १५० दशलक्ष घनमीटर पाणी चुकलं, म्हणजे ५.३ टीएमसी. टेमघर धरणाचा पूर्ण उपयुक्त साठा ३.७१ टीएमसी आहे. भूवापर बदलल्याने येव्यात जो फरक शोधायला तुम्ही निघालात, तो या चुकीपुढे किरकोळ आहे.

त्यामुळे घाटपट्ट्यात धरणांवरचे पर्जन्यमापक आणि महसूल मंडळांच्या नोंदी जोडा. जाळीतली किंमत आणि केंद्राची किंमत यांचं महिनावार गुणोत्तर काढा आणि ते घाटमाथ्यापासूनच्या अंतरावर मांडा, उंचीवर नाही. स्वॅटमध्ये उंचीनुसार पाऊस वाढवण्याची सोय आहे, ती इथे वापरू नका. सिंहगड माथा मुळशीच्या तलावापेक्षा कितीतरी उंच आहे, तरी पाऊस मुळशीलाच जास्त, कारण पाऊस ढगाच्या वाटेवर आधी कोण येतं यावर ठरतो. आणखी एक तांत्रिक गोष्ट: स्वॅट प्रत्येक उपखोऱ्याला त्याच्या मध्याजवळचं एकच केंद्र देतं. उपखोरं तीनशे चौरस किलोमीटरचं आखलं तर तुम्ही जोडलेली दहा केंद्रं वाया गेली. घाटात उपखोरी २०-३० चौरस किलोमीटरची ठेवा, पठारावर दीडशे-दोनशेची चालतात.

तारखेची गोम लक्षात घ्या. हवामान विभागाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. मुंबईचा ‘२६ जुलै’ सगळ्यांच्या लक्षात आहे, पण सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर नोंदीत २७ जुलै २००५ ला आहेत. प्रवाहाच्या आणि धरणाच्या नोंदींची वेळ वेगळी असू शकते. मुठेसारख्या खोऱ्यात पाणी काही तासांत खाली येतं, तिथे एक दिवस सरकला की दैनिक जुळणी कोसळते. महिन्याच्या जुळणीत ही चूक दिसतही नाही. पाऊस आणि येवा यांचा सहसंबंध एक दिवस मागे, त्याच दिवशी आणि एक दिवस पुढे असा तीनदा काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

जाळीदार डेटावर एकेका चौकोनाची मान-केंडॉल चाचणी (कल चढता की उतरता ते तपासणारी) लावून लालनिळा नकाशा काढायचा मोह आवरा. या डेटासाठी देशभरातल्या ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या आहेत, पण दररोज सगळ्या नव्हे. घाटातलं एखादं भरपूर पावसाचं केंद्र मध्येच बंद पडलं तर शेजारच्या चौकोनांत पाऊस ‘घटतो’. कल तपासायचा असेल तर सलग नोंद असलेली मोजकी केंद्रं घ्या, आधी दुहेरी वस्तुमान आलेख (केंद्राच्या पावसाची साठत जाणारी बेरीज शेजारच्या केंद्रांच्या बेरजेसमोर मांडणारा) काढा, मग चाचणी.

प्रवाहाच्या डेटाबद्दल एक बरी गोष्ट: कृष्णा खोरं गंगा, ब्रह्मपुत्रा किंवा सिंधूसारखं गोपनीय नाही. केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांचे आकडे इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. राज्याच्या केंद्रांसाठी नाशिकच्या जलविज्ञान प्रकल्पाकडे अर्ज करावा लागतो. अर्जात केंद्राचं नाव, नदी, तालुका, अक्षांश-रेखांश, कालावधी आणि नेमका कुठला घटक हे सगळं लिहा. ‘भीमा खोऱ्याचा सर्व डेटा’ असं लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. भूजलासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत. वर्षातून चार वाचनं मिळतात. तेवढ्यावरून मॉडेल कॅलिब्रेट होत नाही, पण मॉडेलचं भूजल पावसाळ्यानंतर किती मीटर चढतं ते खरं की खोटं एवढं नक्की कळतं. गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून पाणीसाठा मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहाच्या मागे लागू नका. त्याला लाख-दोन लाख चौरस किलोमीटरच्या खालचं नीट दिसत नाही, तुमचं खोरं पंधरा हजारांचं आहे.

माती. जागतिक नकाशा एक क्लिकवर मिळतो म्हणून सगळे तोच घेतात, आणि त्यात घाटउतारावरही मीटरभर खोल माती दाखवलेली असते. प्रत्यक्षात तिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. खोली तिप्पट धरली की मातीतला पाणीसाठा तिप्पट, पावसाळ्याच्या सुरुवातीचा येवा उशिरा आणि ऑक्टोबरनंतरचं बाष्पोत्सर्जन जास्त. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचा महाराष्ट्राचा १:२,५०,००० नकाशा घ्या आणि खोलीचे वर्ग स्वतः भरा. काळ्या मातीसाठी जलगट ड (पाणी सगळ्यात कमी मुरणारा वर्ग) लावतात ते बरोबर, पण जूनमधली भेगाळलेली काळी जमीन पहिला पाऊस पिऊन टाकते आणि ऑगस्टमध्ये तीच जमीन सिमेंटसारखी वागते. भारतीय पद्धतीत म्हणूनच काळ्या मातीला ओलसर स्थितीत आरंभिक शोषण (पाणी वाहायला लागण्याआधी अडणारा पाऊस) ०.१ एस आणि इतर बाबतीत ०.३ एस धरतात; एस म्हणजे जमीन जास्तीत जास्त धरू शकेल तेवढं पाणी. स्वॅटमध्ये सरसकट ०.२ बसवलेलं आहे. निदान भेगांचा पर्याय चालू करून दोन्ही धावा तपासा.

भूवापराचा नकाशा हा तुमच्या प्रबंधाचा कणा आहे, तर त्यावर जरा थांबू. लँडसॅट उपग्रहाचं दृश्य पथ १४७, ओळ ४७ घेऊन जानेवारीचं एक स्वच्छ चित्र वर्गीकृत करणं हा नेहमीचा मार्ग. त्यात खरिपाची बाजरी केव्हाच निघालेली असते, ते शेत ‘पडीक’ ठरतं. मे महिन्याचं चित्र घेतलं तर डोंगरावरचं वाळलेलं गवत ‘ओसाड’ आणि पानगळीचं जंगल ‘झुडुपं’. एका वर्षासाठी किमान तीन चित्रं घ्या: नोव्हेंबर, फेब्रुवारीची सुरुवात, एप्रिल अखेर. तिन्ही वेळा हिरवं ते ऊस किंवा फळबाग, आणि सदाहरित रान. नोव्हेंबरला हिरवं, फेब्रुवारीला मोकळं ते खरीप किंवा तूर. जानेवारी-फेब्रुवारीला हिरवं आणि एप्रिलला भेगाळलेलं ते रब्बी ज्वारी, गहू किंवा हरभरा. ऊस वेगळा काढणं टाळता येणार नाही: हेक्टरी वर्षाला वीस-पंचवीस हजार घनमीटर पाणी पिणारं पीक आणि एका पावसावर निघणारी बाजरी दोन्ही ‘शेती’ या एकाच रंगात टाकलीत तर या खोऱ्यातला सगळ्यात मोठा भूवापरबदल तुमच्या नकाशात दिसणारच नाही. आडसाली ऊस अठरा महिने उभा राहतो, एका वर्षाच्या खिडकीत तो अर्धाच दिसतो, हेही ध्यानात ठेवा.

कुठली वर्षं घ्यायची? १९८९ आणि २०१९ अशी सोयीची जोडी घेऊ नका. २०१८ चा पावसाळा वाईट गेला; २०१८-१९ च्या रब्बीत शेतं उघडी पडली, उजनीचा काठ मैलभर आत सरकला. त्या नकाशात ‘शेती घटली, पडीक वाढली, जलसाठा आटला’ असं येईल आणि तो भूवापरबदल नसेल, एका वर्षाचा दुष्काळ असेल. पाऊस सारखा असलेली वर्षं जोडीला घ्या, नाहीतर प्रत्येक टोकाला तीन वर्षांचा एकत्रित नकाशा करा. २००३ च्या मेअखेरीनंतरच्या लँडसॅट-७ च्या चित्रांत रिकामे पट्टे आहेत. तेव्हाची वर्षं हवी असतील तर लँडसॅट-५ वर जा.

अचूकतेचंही गणित करा. दोन्ही नकाशे ८५ टक्के अचूक असतील तर दोन्हीकडे बरोबर असण्याची शक्यता ०.८५ गुणिले ०.८५, म्हणजे ७२ टक्के. पुण्याच्या वरच्या मुळा-मुठा खोऱ्यावर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९८९ ते २००९ दरम्यान शहरी क्षेत्र ५.१ वरून १०.१ टक्क्यांवर आणि पीकक्षेत्र ९.७ वरून १३.५ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. चार-पाच टक्क्यांचा बदल आणि अठ्ठावीस टक्क्यांची चूक! म्हणून नुसते पिक्सेल मोजून क्षेत्रफळ देऊ नका. बदललेल्या भागासाठी वेगळे नमुना-बिंदू घ्या, प्रत्येक वर्गाला निदान पन्नास, आणि चूक-सारणीवरून (कुठला वर्ग किती वेळा चुकून दुसऱ्यात गेला त्या तक्त्यावरून) क्षेत्रफळ दुरुस्त करून विश्वास-अंतरासह (आकड्याच्या खालच्या-वरच्या मर्यादेसह) लिहा. त्या अभ्यासाचा निष्कर्षही लक्षात ठेवण्यासारखा आहे: शहरीकरणाने येवा काही उपखोऱ्यांत ७.६ टक्क्यांपर्यंत वाढला, पीकक्षेत्र वाढल्याने बाष्पोत्सर्जन ५.९ टक्क्यांपर्यंत वाढलं. दोन उलट दिशा. पूर्ण खोऱ्याची एकच सरासरी काढली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि ‘भूवापराचा परिणाम नगण्य’ असं वाक्य प्रबंधात जातं.

नकाशा मॉडेलमध्ये जाताना आणखी एक कात्री लागते. एचआरयू (भूवापर, माती आणि उतार सारखे असलेले उपखोऱ्यातले तुकडे) तयार करताना १०-१०-१० टक्के अशी मर्यादा ठेवण्याची सवय असते. म्हणजे उपखोऱ्यात दहा टक्क्यांहून कमी असलेला वर्ग पुसला जातो. तुमचं १९८९ चं पाच टक्के शहर तिथेच गायब होतं, २००९ चं दहा टक्के अचानक उगवतं. शहरी वर्ग आणि ऊस या मर्यादेतून वगळा, किंवा मर्यादा शून्य ठेवून धावण्याचा वेळ सोसा. तयार शहरी वर्गांत अभेद्य पृष्ठभाग दाट वस्तीला ६० टक्के, मध्यम वस्तीला ३८ टक्के धरला आहे, तो अमेरिकन शहरांवरून. पेठांना तो कमी पडतो आणि हिंजवडीच्या मोकळ्या प्लॉटांना जास्त. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून स्वतः मोजा. जंगलाचंही तसंच: स्वॅट पानगळ दिवसाच्या लांबीवर ठरवतं, सह्याद्रीतली झाडं पानं टाकतात ती कोरडेपणाने, आणि पहिल्या पावसाआधीच पुन्हा पालवतात. मॉडेलचा पर्ण-निर्देशांक (जमिनीच्या तुलनेत पानांचं क्षेत्र) मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या महिनावार आलेखाशेजारी ठेवून बघा, घोळ लगेच दिसतो. व्यवस्थापन फाइलमध्ये तारखा देऊन तो आवरता येतो.

कॅलिब्रेशनला यायला इतका वेळ लागला, कारण क्रम खरंच असा आहे. तीन वर्षं वॉर्म-अप (मॉडेल स्थिरावेपर्यंतची, निकालात न धरलेली धाव), मग सुफी-२ या कॅलिब्रेशनच्या पद्धतीमध्ये ५०० ते १,००० धावांच्या दोन-तीन फेऱ्या. पी-फॅक्टर (मॉडेलच्या अनिश्चिततेच्या पट्ट्यात किती नोंदी बसतात) ०.७ च्या वर आणि आर-फॅक्टर (तो पट्टा किती रुंद आहे) १.५ च्या खाली आला तर पुरे. कर्व्ह नंबर बदलताना सगळ्या वर्गांवर एकच टक्केवारी लावा. जंगलाला वेगळी, शेतीला वेगळी अशी मोकळीक दिलीत तर जंगल आणि शेतीतला जो फरक तुम्हाला मोजायचा आहे तोच मॉडेल स्वतःच्या सोयीने ठरवेल.

नॅश-सटक्लिफवर भाळू नका. महिन्याचा आकडा ०.५ च्या वर आणि पीबायस (एकूण पाण्यातली टक्केवारीतली चूक) ±२५ टक्क्यांच्या आत हा समाधानकारकचा नेहमीचा निकष. मान्सूनी नदीत मात्र दरवर्षीच्या जुलैला जुलैची सरासरी आणि मार्चला मार्चची सरासरी एवढंच ‘भाकीत’ ठेवलं, तरी हा आकडा पुष्कळदा सहज गाठला जातो, कारण मुळात ऋतूचाच फरक अवाढव्य आहे. म्हणून महिन्याच्या सरासरीला शून्य मानून तुमचं मॉडेल तिच्यापेक्षा किती बरं ते काढा. आणि चाचणी कालखंड नुसता आधीचा-नंतरचा असा कापू नका: कोरड्या वर्षांवर बसवा, ओल्यावर तपासा, मग उलट करा. बदललेल्या हवामानात मॉडेल चालवायचं असेल तर ही परीक्षा अपरिहार्य आहे.

मग मुख्य प्रयोग. चार धावा: जुनं हवामान-जुना भूवापर, जुनं हवामान-नवा भूवापर, नवं हवामान-जुना भूवापर, दोन्ही नवे. धरणांचे नियम चारही धावांत गोठवलेले. समजा येवा अनुक्रमे १००, १०४, ८८ आणि ९० आला. भूवापराचा परिणाम अधिक ४, हवामानाचा उणे १२, बेरीज उणे ८. प्रत्यक्षात मात्र उणे १०. उरलेले उणे २ म्हणजे दोघांचा एकत्र परिणाम: कोरड्या वर्षात वाढलेला ऊस जास्त ओढतो. बरेच जण हा उरलेला आकडा गाळतात किंवा दोघांत वाटून टाकतात. तो वेगळा लिहा. नंतर पाचवी धाव करा, धरणं आणि कालवे चालू-बंद करून. त्याशिवाय पहिल्या चारांचं प्रमाण कळत नाही. बुडिको पद्धतीने (पाऊस आणि बाष्पीभवनाच्या वार्षिक ताळेबंदावरून) दोन ओळींत हाच वाटा काढून देणारे शोधनिबंध बरेच सापडतील. ती पद्धत वर्षभरात साठा बदलत नाही असं धरते. एका उजनीतच ११७ टीएमसी मावतात, तिथे ते धरता येत नाही. फार तर घाटातल्या धरणांवरच्या छोट्या पाणलोटांसाठी पडताळा म्हणून वापरा.

भविष्यासाठी नासाचा ०.२५ अंशाचा सीएमआयपी-६ (जगभरच्या हवामान-मॉडेलांचा एकत्रित प्रकल्प) संच सोयीचा पडतो. मधला आणि टोकाचा, असे उत्सर्जनाचे दोन मार्ग पुरेत. मॉडेलं निवडताना आधी ती ऐतिहासिक काळात मान्सून कसा दाखवतात ते बघा. पुण्याच्या आयआयटीएमचं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं) मॉडेलही सीएमआयपी-६ मध्ये आहे. जागतिक मॉडेलात सह्याद्री एक बुटका उंचवटा असतो, म्हणून पाऊस रोज थोडाथोडा आणि सगळीकडे पडतो. आधी ओल्या दिवसांची संख्या जुळवा, मग क्वांटाइल मॅपिंग (मॉडेलच्या कमी-जास्त पावसाचं वाटप नोंदींच्या वाटपाला जुळवणं) करा, आणि दुरुस्तीआधीचा व नंतरचा बदल टक्क्यांत शेजारी ठेवा. साध्या मॅपिंगने बदलाची दिशाही कधी कधी पालटते. डेल्टा पद्धतीचं मॅपिंग त्या बाबतीत बरं. आठ-दहा मॉडेलांची सरासरी काढून एकच रेषा दाखवू नका. निम्मी मॉडेलं वाढ दाखवत असतील, निम्मी घट, तर सरासरी ‘बदल नाही’ म्हणेल, आणि ते कुठल्याच मॉडेलचं म्हणणं नसेल.

वेळेचा अंदाज: डेटा आणि धरणांचा हिशेब आठ-दहा महिने, भूवापर सहा, मॉडेल आणि कॅलिब्रेशन आठ, चार-पाच धावा आणि भविष्य चार. पंधरा हजार चौरस किलोमीटर जड वाटत असेल तर खोरं लहान करा. खडकवासल्याच्या वरचं किंवा डिंभ्याच्या वरचं पाणलोट घेतलं तर वळवलेलं पाणी, सांडपाणी आणि कालवे या तिन्ही कटकटी जवळजवळ सुटतात. मात्र तिथे ऊस नाही आणि शहरही फारसं नाही, त्यामुळे भूवापराची बाजू लंगडी राहते: फार्महाउस, रस्ते, तोडलेले उतार एवढंच उरतं. गाइडशी बोलून हे पहिल्या सहा महिन्यांत ठरवा. विषयाच्या नोंदणीनंतर शीर्षकातला ‘वरच्या भीमा खोऱ्यातील’ हा शब्द बदलायला विद्यापीठात पुन्हा समितीसमोर जावं लागतं.